समक्ष उपस्थित राहावे

नूतन वाघ आवक-जावकच्या टेबलावर बसायला लागली त्याला सहा वर्षं झाली होती. धुळ्यातल्या एका मोठ्या सरकारी इमारतीत जिन्याला वळसा घालून मागे गेलं की पुनर्वसन शाखा लागायची. धरणात ज्यांची गावं गेली, त्यांचे अर्ज या शाखेत यायचे. कुणाला प्लॉटचा उतारा हवा असायचा, कुणाला प्रकल्पग्रस्ताचा दाखला, कुणाच्या बापाच्या नावातला काना राहिलेला असायचा. आलेल्या कागदावर गोल शिक्का मारायचा, रजिस्टरला क्रमांक टाकायचा, संगणकात नोंद करायची आणि अर्जात काही कमी असलं की त्रुटीपत्र काढायचं. काही ना काही कमी असायचंच. त्रुटीपत्राचे नमुने संगणकात तयार होते. नाव-गाव भरलं, बटण दाबलं, की पत्र बाहेर.

ही खुर्ची तिला नवऱ्याच्या जागी मिळालेली. नवल तलाठी होता, मोटारसायकलवरून परत येताना ट्रकखाली गेला. अनुकंपेची नोकरी मिळवताना तिला याच इमारतीतून चार त्रुटीपत्रं आली होती. एकदा मृत्यूच्या दाखल्यावरचा शिक्का पुसट होता, एकदा त्याची प्रत साक्षांकित नव्हती. चौथं पत्र हातात पडलं त्या दिवशी ती बाहेरच्या बाकावर बसून रडली होती, आणि या लोकांसारखं आपण कधी वागायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं. ते वर्षभर टिकलं. दुष्टपणा तिच्यात नव्हता. पण दिवसाला साठ-सत्तर कागद हाताखालून जायला लागले की माणूस कागद वाचत नाही, नुसता उलटतो. पुढे पुढे अर्जदाराचं नावसुद्धा तिच्या डोळ्यांतून थेट बोटांत उतरायचं, मधे डोक्यात थांबायचं नाही.

खडकोदचा पहिला अर्ज जानेवारीत आला. शिपाई चंदन सकाळी टपालाचा गठ्ठा टेबलावर ठेवायचा, त्यात हा सगळ्यात खाली होता. जुना रेघांचा फुलस्केप कागद, कडेने दमट. अर्जदार बेबाबाई पुना सोनवणे, राहणार मौजे खडकोद. मजकूर दोन ओळींचा. गावातली सगळी घरं हलली, माझं नाव पुकारलं नाही, तरी माझं नाव घ्यावं. खाली डाव्या हाताचा अंगठा. नूतनने शिक्का मारला तेव्हा शाई कागदावर पसरली. तिने नमुना क्रमांक दोन काढला, ‘अर्जासोबत रहिवासी दाखला जोडलेला नाही, तरी पूर्तता करावी’, आणि दुसऱ्या दिवशीच्या टपालात टाकून दिला.

फेब्रुवारीत दाखला आला. खडकोदच्या पोलीस पाटलाची सही आणि तारीख याच महिन्याची. नूतनने पाहिलं की त्यावर तलाठ्याची सही नाही. नमुना क्रमांक पाच.

मार्चच्या अखेरीस तलाठ्याची सही घेऊन तोच दाखला परत आला. या खेपेला पाकिटातून थोडी रेती टेबलावर सांडली. नूतनने ती हाताने झटकली आणि चंदनला म्हणाली, की टपाल नीट झाकून आणत जा. आर्थिक वर्ष संपत आलं होतं, प्रलंबित प्रकरणं निकाली काढा म्हणून वरून रोज फोन यायचे. ज्या अर्जांचं दोन फेऱ्यांत काही झालं नाही त्यांना नमुना क्रमांक नऊ पाठवायचा, अशी शाखेची रीत होती. तिने एका दुपारी एकतीस नऊ नंबर काढले, त्यातला एक खडकोदचा.

नऊ नंबर असा होता: ‘आपल्या प्रकरणी मे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी तीन वाजता सुनावणी ठेवण्यात आली आहे. आपण मूळ कागदपत्रांसह समक्ष उपस्थित राहावे. अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे समजून प्रकरण बंद करण्यात येईल.’

सुनावणीची यादी संगणकात भरायची वेळ एप्रिलमध्ये आली आणि तिथे नूतन पहिल्यांदा अडली. गावाच्या रकान्यात खडकोद टाकलं की संगणक म्हणायचा, गाव सापडत नाही. नवे खडकोद होतं, साक्री रस्त्याला वसवलेलं, पण नुसतं खडकोद नव्हतं. तिने तोताराम भाऊंना विचारलं.

तोताराम भाऊ शाखेतले सगळ्यात जुने. विशीत रोजंदारीवर लागले, पुढे कायम झाले, आणि या मेच्या एकतीस तारखेला निवृत्त होणार होते. अबोल माणूस. डबा खाताना समोरच्याला ठेच्याचा गोळा न विचारता वाढायचा आणि खाली बघून जेवायचं, एवढाच त्यांचा लोकांशी संबंध. त्यांनी चष्मा लावून अर्ज वाचला. नंतर दाखला उलटा करून तलाठ्याची सही पाहिली. बराच वेळ पाहिली.

“नूतनताई,” ते म्हणाले, “जुनं खडकोद पाण्याखाली आहे. अडतीस वर्षं झाली.”

तिला वाटलं, कुणीतरी जुना कागद आज पाठवून खोडी काढत असेल. भाऊंनी मान हलवली. ज्या तलाठ्याची ही सही होती, त्याच्या दहाव्याला ते स्वतः गेले होते. वीस वर्षं होऊन गेली त्याला. सहीचं शेवटचं अक्षर खाली ओढून त्याला गाठ मारायची त्याची सवय होती, ती गाठसुद्धा इथे होती. मग ते म्हणाले, की हा कागद दप्तरी दाखल करून टाक, यादीत घेऊ नको. तिने सांगितलं, की आता उशीर झाला, सुनावणीचं पत्र जाऊन तीन आठवडे झाले.

 त्या दिवशी भाऊ डबा न उघडता घरी गेले.

नूतनला रात्री झोप लागली नाही असं काही नाही, झोप लागली. पण दुसऱ्या दिवशी तिने एक गोष्ट तपासली. ज्या पत्त्यावर माणूस सापडत नाही तिथली पत्रं पोस्टातून परत येतात, त्यांचं वेगळं रजिस्टर असतं. खडकोदला तिने तीन पत्रं पाठवली होती. एकही परत आलं नव्हतं.

ती अभिलेख कक्षात गेली. खडकोदचं बाड वरच्या फळीवर लाल कपड्यात बांधलेलं होतं. आत प्रकल्पग्रस्त कुटुंबांची यादी होती, हाताने लिहिलेली, शेवटी एकूण २१२ असा आकडा आणि साहेबाची सही. ती क्रमाने बोट फिरवत गेली. नवव्या पानाच्या तळाशी १४१ होता. दहावं पान १४३ ने सुरू होत होतं. यादीखाली मूळ पाहणीची पत्रकं होती, घराघरातून भरून आणलेली. त्यात एकशे बेचाळिसावं पत्रक होतं. बेबाबाई पुना सोनवणे, विधवा, एकटी, नदीकडचं शेवटचं घर, मातीचं, एका खोलीचं, एक खण. यादीचं अक्षर तिला ओळखायला वेळ लागला नाही. रोज समोरच्या टेबलावरून तेच अक्षर तिच्याकडे यायचं.

ती भाऊंना त्याबद्दल काही बोलली नाही. निवृत्तीला महिना राहिलेल्या माणसाला काय विचारायचं, असं तिला वाटलं. खरं म्हणजे विचारायची तिला भीती वाटली.

मे उजाडला. धुळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. शाखेतल्या कूलरला दिवसातून दोनदा चंदन बादलीने पाणी घालायचा. दुसरा मंगळवार आला तसं नूतनने ठरवलं, की जी रीत आहे ती पाळायची. बोरसे साहेब, शाखेचे अधिकारी, मुंबईच्या बैठकीला गेलेले. जाताना ते म्हणाले होते, की हजेऱ्या घेऊन ठेवा, जे आले नाहीत ते बंद करा. नूतन हजेरीपत्रक घेऊन आपल्याच टेबलाशी बसली. भाऊ शेजारी बसले. त्यांना तिने बोलावलं नव्हतं.

सुनावणीच्या यादीत एकतीस नावं होती. व्हरांड्यात दोन्ही भिंतींना लागून बाकं, त्यांवर गळ्यात रुमाल टाकलेले म्हातारे, पिशव्या मांडीवर घेतलेल्या बाया, मोबाइल बघणारी पोरं. चंदन दारात उभा राहून एकेकाचं नाव तीनदा पुकारायचा. माणूस आत यायचा, कागद दाखवायचा, सही करायचा, जायचा. तीन वाजून गेल्यावर वीज गेली. पंखे थांबले, कूलर थांबला आणि व्हरांड्यातला सगळा आवाज एकदम खाली बसला.

यादीतलं पुढचं नाव चंदनने पुकारलं. “बेबाबाई पुना सोनवणे, खडकोद.” कुणी उठलं नाही. त्याने दुसऱ्यांदा पुकारलं. भाऊ हळूच म्हणाले, “ताई, तिसऱ्यांदा नको. गैरहजर लिहा.”

नूतनची लेखणी गैरहजरच्या रकान्यावर गेली होती. तेवढा एक शब्द लिहिला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण तिला ते पत्रक आठवलं, एक खण, एकटी. तिला तो बाकही आठवला, ज्यावर बसून तिचं चौथं पत्र भिजलं होतं. ती उठली, दारात गेली आणि तिने स्वतः नाव पुकारलं. सगळं नाव, सावकाश.

व्हरांड्याच्या पार टोकाला, जिथे उन्हाचा चौकोन पडला होता, तिथल्या बाकावरच्या म्हाताऱ्याने पाय आत घेतले. कुणीतरी पुढून जाणार असलं की माणूस घेतो तसे. मग त्याच्या शेजारच्या बाईने पिशवी उचलून पाय आत घेतले. मग समोरच्या पोराने, मोबाइलवरून नजर न काढता. एकामागून एक, दोन्ही बाकांवरची माणसं पाय आत घेत गेली, आणि ती हालचाल व्हरांडाभर नूतनच्या दिशेने येत राहिली. वर कुणीच पाहिलं नाही. शेवटी दाराजवळच्या म्हातारीनेही लुगडं आवरून पाय आत ओढले. नूतन दारातून बाजूला झाली. का झाली ते तिला कळलं नाही, वाट द्यायची असते एवढंच कळलं.

नदी आटल्यावर तळच्या गाळाचा येतो तसा वास आला. शहाबादी फरशीवर ओली पावलं होती, अनवाणी, लहान. त्या उकाड्यात ती मागून लगेच सुकत होती, त्यामुळे एका वेळी दोन किंवा तीनच दिसायची. ती पावलं खोलीत गेली, टेबलासमोरच्या खुर्चीपाशी थांबली. तोताराम भाऊ उठून उभे राहिले होते. साहेब आत आले तरी ते इतके ताठ उभे राहत नसत.

नूतन जागेवर आली. तिचे हात सवयीने काम करत होते. अंगठा घ्यायचा म्हणून ती शाईचं पॅड शोधायला मागच्या कपाटाकडे वळली, आणि तिची पाठ फिरलेली असताना बाई बोलली. आवाज म्हातारा होता, बारीक होता, आणि त्यात राग अजिबात नव्हता.

“मन्हं नाव शे का त्यामा?”

भाऊ म्हणाले, “नही माय. मन्हाकडथीन राही गयं.”

 पॅड नूतनच्या हातात होतं आणि वळायचं धाडस तिला होत नव्हतं. शेवटी भाऊच म्हणाले, “बसा माय. आदेश निघेपर्यंत बसा.” खुर्ची कुरकुरली. वीज आली, पंखा फिरला, हजेरीपत्रकाचं पान फडफडलं. नूतन वळली तेव्हा खुर्ची रिकामी होती. पत्रकावर त्या नावासमोर अंगठा उठलेला होता. शाई निळी असते. हा मातीच्या रंगाचा होता.

चंदनने दारातून विचारलं, की बाई आली नाही ना, पुढचं नाव घेऊ का. नूतनने त्याला घे म्हणून सांगितलं.

सगळी माणसं गेल्यावर भाऊंनी जे सांगितलं ते त्यांनी अडतीस वर्षांत बायकोलाही सांगितलं नव्हतं. यादीच्या तीन प्रती करायच्या होत्या, कार्बन घालून. नववं पान संपलं तेव्हा त्यांना कुणीतरी चहाला बोलावलं. परत येऊन त्यांनी नवं पान घेतलं आणि १४३ लिहिला. खडकोद हलवताना ट्रक आले, तेव्हा यादी वाचायलाही त्यांनाच पाठवलं होतं. तीन दिवस ते ट्रकच्या फाळक्याजवळ उभं राहून नावं वाचत होते. ज्याचं नाव येईल त्याने चढायचं. ही बाई तिन्ही दिवस गाठोडं घेऊन समोर उभी होती. तिसऱ्या दिवशी यादी संपल्यावर ती जवळ आली आणि तिने विचारलं, यादीत माझं नाव आहे का, आज विचारलं तेच, त्याच शब्दांत.

“मी म्हणालो, कागद येईल, तोवर घरी थांबा.” भाऊ म्हणाले, “इथे येऊन पाहिलं तर एकशे बेचाळीस नाही. रोजंदारीवर होतो, काढून टाकतील वाटलं. साहेब रजेवर होते. म्हटलं, पंधरा दिवसांत काहीतरी करू. त्या साली पाणी लवकर आलं.”

ती कुणाकडे तरी गेली असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. तक्रार आली तर पाहू, असं म्हणत राहिले. तक्रार आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नूतनने पाहिलं, की आत आलेली पावलं सुकली होती, पण ती समोरची खुर्ची ओली होती. दुपारपर्यंतही ती सुकली नाही. कामासाठी आलेली माणसं त्या खुर्चीकडे जायची, पाठीवर हात ठेवायची आणि बसल्यासारखं करून पुन्हा उभी राहायची. एका शिक्षकाने अर्धा तास उभ्याने काम करून घेतलं. बसा म्हटलं तर म्हणाला, की असू द्या, बाईंना बसू द्या. कोणत्या बाईंना, हे त्याने पाहिलंही नाही. बहुधा त्याला वाटलं, नूतनच बसणार आहे.

मग दोघांनी मिळून प्रस्ताव तयार केला. कामाला लागलेले भाऊ नूतनने असे कधी पाहिले नव्हते. पुरवणी यादी, अनुक्रमांक १४२. नकाशा काढला तर नव्या खडकोदला प्लॉट २१२ पाडलेले होते आणि १४२ कुणाच्याच नावावर नव्हता. तो इतकी वर्षं मोकळा पडून होता, कारण यादीत त्याला नाव नव्हतं आणि नकाशात तो होता. भाऊंनी मूळ पाहणी पत्रकाची प्रत जोडली, जुन्या यादीतल्या दोन पानांच्या प्रती जोडल्या, टिपणी लिहिली. टिपणीच्या शेवटी त्यांनी लिहिलं, की सदर नाव माझ्या हातून सुटले आहे, आणि खाली सही केली. निवृत्तीच्या तोंडावर असं लिहिलं तर अडकाल, असं नूतन म्हणाली. त्यांनी ते खोडलं नाही.

फाइल पहिल्यांदा परत आली. बोरसे साहेबांनी न बघता पेन्सिलने विचारलं होतं, अर्जदाराचे सध्याचे वय काय. नूतनने पाहणी पत्रकातलं वय त्यात मधली वर्षं मिळवून लिहिलं. एकशे चार. फाइल पुन्हा गेली आणि साहेबांच्या टेबलावर पडून राहिली. इकडे खुर्चीखालच्या फरशीवर पाण्याचं थारोळं जमायला लागलं होतं. चंदनला वाटायचं कूलर गळतो. तो ते रोज पुसायचा आणि रोज म्हणायचा, की या पाण्यात रेती कुठून येते.

सव्वीस तारखेला नूतनने धीर केला. साहेबांकडे सह्यांसाठी पन्नास-साठ कागदांचा गठ्ठा जायचा. तिने खडकोदचा आदेश त्याच्या मधोमध घातला, वर रजेचे अर्ज आणि खाली नळदुरुस्तीची पत्रं, आणि स्वतः समोर उभी राहिली. साहेब फोनवर बोलत होते. डाव्या हाताने पान उचलायचं, उजव्याने सही, पान टाकायचं. आदेश आला, सही झाली, पान पडलं. पुढच्या नळदुरुस्तीवरही तीच सही झाली.

ती परत येऊन जावक रजिस्टरला क्रमांक टाकत होती, तेव्हा समोरची खुर्ची कुरकुरली. तिने मान वर केली नाही. क्रमांक पूर्ण लिहिला, तारीख लिहिली, मग वर पाहिलं. खुर्चीच्या प्लॅस्टिकवर एक पांढुरका डाग राहिला होता, पाणी सुकल्यावर राहतो तसा.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी तोताराम भाऊ आणि नूतन एसटीने नव्या खडकोदला गेले. ताबा द्यायचा तर कुणीतरी समक्ष जायला हवं, असं भाऊंचं म्हणणं होतं. प्लॉट १४२ गावाच्या कडेला होता, काटेरी बाभळीने भरलेला. शेजारच्या घरातून सत्तरीची एक बाई बाहेर आली, कमलबाई नावाची. तिने दोघांना पाणी दिलं आणि कशाला आलात ते विचारलं. भाऊंनी नाव सांगितल्यावर ती ओट्यावर बसली. जुन्या गावात बेबाबाई तिच्या सासूकडे दळायला यायची. ट्रक आले तेव्हा कमलबाई पहिल्या दिवशीच चढली होती, कडेवर मूल घेऊन. बेबाबाई हात हलवून म्हणाली होती, “मन्हं नाव पुकारतीन मंग येसू.” पुढे सगळे धरून चालले, की ती नवापूरकडे बहिणीच्या गावी गेली असेल. कुणी जाऊन पाहिलं नाही. कमलबाई हे सांगताना रडली नाही, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

भाऊंनी बाभळीच्या कडेला उभं राहून आदेश मोठ्याने वाचला, संदर्भ क्रमांकांसकट.  वाचून झाल्यावर त्यांनी कागद घडी घालून एका दगडाखाली ठेवला आणि चप्पल काढून जमिनीला हात लावला. वारा नव्हता. तरी बाभळीच्या आतून सुकी पानं तुडवल्याचा आवाज प्लॉटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि थांबला, जसं कुणी आपली जागा पावलांनी मोजून पाहावी. कमलबाईने तो ऐकला, कारण तिने डोक्यावर पदर घेतला.

भाऊ दुसऱ्या दिवशी निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांच्याबद्दल चार लोक बोलले, भाऊंनी शाल घेतली आणि ते एवढंच म्हणाले, की चुका झाल्या असतील. त्यांच्या टिपणीवरून पुढे त्यांना एक नोटीस गेली, तिचं त्यांनी उत्तर दिलं, आणि ते प्रकरण अजून कुठल्यातरी टेबलावर आहे. ते महिन्यातून एकदा साक्रीच्या एसटीत बसतात, असं चंदन सांगतो.

नूतन आता प्रत्येक अर्ज पहिल्या अक्षरापासून वाचते. त्यामुळे तिच्या टेबलावरचा गठ्ठा वाढला, ऑगस्टमध्ये तिला कारणे दाखवा नोटीसही मिळाली. तिची मुलगी पुनम आठवीत आहे, ती विचारते, की आई, तू हल्ली एवढी उशिरा का येतेस. 

दिवाळीच्या आधी कमलबाईचा शाखेत फोन आला. बाभूळ कुणीतरी मुळापासून काढली आहे, असं ती म्हणाली. ग्रामपंचायतीने काढली नाही, तिने विचारून घेतलं होतं. रोज सकाळी तिथे एका खणाएवढी जागा शेणाने सारवलेली दिसते, कडेला पांढऱ्या मातीची रेघ काढलेली. गावातल्या पोरीसोरी तिकडे फिरकत नाहीत. नूतनने विचारलं, तुम्हाला भीती वाटत नाही का.

“मी आजून तिले देखं नही,” कमलबाई म्हणाली. “पन शेजारीन शे. तिनं काय भ्याव?”

मग तिने ज्यासाठी फोन केला होता ते सांगितलं. सणाचे दिवस आलेत, सगळ्या गल्लीत उजेड असतो आणि त्या एका घराकडे अंधार. तिच्या नावावर विजेचं मीटर घ्यायचं तर अर्ज कसा करायचा, सोबत काय काय जोडावं लागेल.

नूतनचा हात टेबलावरच्या कोऱ्या कागदावर गेला आणि तिथेच थांबला. आपण रविवारी येतो, असं तिने सांगितलं, आणि येताना तोताराम भाऊंनाही घेऊन येतो, कारण अक्षर त्यांचं चांगलं आहे.